राखाडी रंग फक्त शुक्रवारी

सुलू, ये, जरा जवळ सरकून बस. पुण्यात आहेस ते ठाऊक आहे मला. मनानं बस. तुझा कान धरायचाय.

दिवाळी अंकासाठी ‘मावशी, तुझ्या कामाचं काहीतरी लिही’ म्हणालीस, इथवर ठीक. पण फोन ठेवता ठेवता काय बोललीस? ‘तुझे बहुतेक जुने काळेपांढरे फोटो असायचे ना, मग रंगाची कटकट तरी नव्हती!’ अगं शहाणे, लाल साडी छापणं सोपं. थोडी जास्त लाल आली तर गिऱ्हाईक खूश होतं. हिरवं शेत छापणं सोपं, पोपट सोपा, देवीचा शालू सोपा. काळापांढरा फोटो रंगीत शाईनं छापणं म्हणजे चार सुनांच्या घरात सासूनं कुणाचीच बाजू न घेणं. जरा कुणाकडे कललीस की सगळ्यांना दिसतं.

आधी तुला माझी मशीन सांगते. सत्त्याण्णव साल असेल. त्याआधी वीस वर्षं मी एका बंगाली दादांच्या स्टुडिओत ब्रश घेऊन फोटो दुरुस्त करायचे. कुणाचे डोळे मिटलेले असले तर उघडायचे, कुणाला केस द्यायचे, साध्या फोटोतल्या नवरीला हातानं लाल करायचे. शाळा माझी आठवीपर्यंत. जे आलं ते बघून बघून आलं. दादा गेले, स्टुडिओ मिटला, आणि मी बनारसच्या अमृतराव घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत एक खोलीभर दुकान घेतलं. त्यात एक कंप्युटर, एक स्कॅनर, एक रंगीत प्रिंटर आणि देवीचा एक फोटो. इथल्या आमच्या मराठी मंडळींत चर्चा झाली. शास्त्र्यांची सून मशीन घेऊन बसली म्हणे! दोनचार काकवा तर कंप्युटर पाहायला हळदीकुंकू घेऊनच आल्या, आणि मी नको नको म्हणेपर्यंत प्रिंटरच्या झाकणावर दोन बोटं ओढून गेल्या. पुढे इलाहाबादहून इंजिनियर आला तेव्हा आतून चिमूटभर हळद निघाली. तो मला म्हणाला, “माताजी, मशीन की पूजा दूर से कीजिए।”

आता धंद्यातली गोष्ट. प्रिंटरमध्ये शाया चार, निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी. तू म्हणशील, काळापांढरा फोटो आहे तर नुसती काळी वापर. वापरून पाहिली. त्या काळच्या मशीनचे ठिपके मोठे, त्यामुळे माणसाच्या गालावर मोहरी उधळल्यासारखं दिसायचं. मऊ, साईसारखा राखाडी हवा असेल तर त्या तिन्ही रंगीत शाया मिसळायला लागत. सारख्या मिसळल्या तर राखाडी यावा ना? येत नाही. मातीसारखा तपकिरी येतो. निळी थोडी वाढवायची, पिवळी थोडी मागे घ्यायची. आमटीसारखं आहे हे. गूळ, चिंच, तिखट, मीठ सगळं पडलंय, पण जिभेला एकही वेगळं कळता कामा नये. शिवाय कागद बदलला, शाईची डबी बदलली की पुन्हा पहिल्यापासून.

माझी रीत अशी. एका कागदावर एकवीस चौकोन छापायचे, सगळे राखाडी, पण एकात लाल जरा जास्त, एकात हिरवा, एकात निळा, असे रांगेनं. मग डोळ्यानं बघून ज्यात कुठलाच रंग डोकावत नाही तो निवडायचा आणि त्याचे आकडे वहीत उतरवून ठेवायचे. त्या आकड्यांवर फोटो छापायचा. आज याला मोठी नावं आहेत, यंत्रं आहेत. तेव्हा बनारसमध्ये ते यंत्र म्हणजे माझे दोन डोळे.

आणि बंगालीदादांनी एक नियम शिकवला होता, “रोंग दिनेर आलोय देखबे।” म्हणजे रंग दिवसाच्या उजेडात पाहायचा, ट्यूबलाइटवर विश्वास नाही. मी तो नियम देवाच्या आज्ञेसारखा पाळला. ट्यूब बंद करायची, कागद घेऊन दुकानाच्या उंबऱ्यात बसायचं, चौकोन निवडायचा. माझं सगळं वाटोळं झालं ते हा नियम पाळल्यामुळे.

तक्रारी यायला लागल्या. रामनगरहून नावेनं एक पैलवान आला, भिंतीएवढा. त्याच्या उस्तादांचा फोटो मी छापून दिलेला. तो फोटो त्यानं माझ्यापुढे ठेवला आणि अगदी हळू आवाजात, कारण मोठ्यानं बोलला असता तर छप्पर उडालं असतं, म्हणाला,

“अम्मा, इ का है? गुरुजी जामुन खाए रहे का?”

पाहते तर उस्तादांच्या पांढऱ्या मिशा जांभळ्या. मी म्हटलं, “भैया, नेताना तर ठीक होता?”

“इहाँ ठीक रहा। नाव में बैठे, तो मूँछ रंग बदल दी।”

मी त्याला पुन्हा छापून दिला. तो उंबऱ्यात उभा राहून पाहून गेला, आणि चार दिवसांनी परत आला. आता उस्ताद हिरवे होते.

मी वेडी व्हायची बाकी होते. वही काढली. कुठल्या दिवशी छापलेलं परत आलं आणि कुठल्या दिवशीचं नाही, हे लिहायला लागले. दीड महिन्यानं एक गोष्ट लख्ख दिसली. शुक्रवारी छापलेला एकही फोटो परत आला नव्हता. एकही नाही, सुलू!

आता तूच सांग, शुक्रवार कुणाचा? देवीचा. मी घरात हात जोडले. पुढच्या शुक्रवारपासून मशीन सुरू करण्याआधी देवीला गूळ-फुटाण्यांचा नैवेद्य, मशीनलाही दोन फुटाणे (झाकणावर, आत नाही). आणि दुकानाबाहेर पाटी लावली, ‘काळेपांढरे फोटो फक्त शुक्रवारी.’ लोकांनी एका शब्दानं विचारलं नाही का म्हणून. बनारस आहे. इथे न्हाव्यालाही वार असतो. उलट माझा भाव वाढला. “उनके हाथ में देवी आती हैं,” असं लोक म्हणायला लागले. मीही मान खाली घालून ऐकून घ्यायचे.

सात महिने असे गेले. आणि मग गोदूकाकूंचा फोटो आला. खरं तर हे सगळं तुला त्यासाठीच सांगतेय.

गोदूकाकू आमच्या वरच्या गल्लीतल्या. त्यांचे यजमान सदाशिवमास्तर, पाठशाळेत संस्कृत शिकवायचे, त्यांना जाऊन चार वर्षं झालेली. मुलगे दोन. थोरला अण्णा वरच्या मजल्यावर, धाकटा बापू खालच्या. मास्तरांच्या तेराव्यानंतर आठवड्यात चुली वेगळ्या झाल्या आणि बोलणंही बंद. भांडण कशावरून ते विचारू नकोस, दोघांनाही सांगता यायचं नाही. श्राद्धसुद्धा दोन व्हायची, एक वर, एक खाली. काकू मला म्हणाल्या, “अगं, एक बाप, एकच दुपार आणि दोन पानं. ते आधी कुठं जेवायला जातील? वर गेले तर खालचं निवतं. जन्मभर गरम भात लागायचा त्यांना.”

हसू येतं ना? मलाही आलं, आणि त्यांच्या डोळ्यांकडे पाहिल्यावर गेलं.

मास्तरांचा फोटो जगात एकच. पिवळा पडलेला आणि नाक कसरीनं खाल्लेलं. तो दोघांनाही हवा होता. काकूंनी तो पेटीत कुलपात ठेवलेला. त्यांनी ठरवलं, दोघांना एकेक नवा करून द्यायचा, म्हणजे निदान हे तरी मिटेल. मी नाक बसवलं, काळापांढरा केला. अण्णाला घाई, तो म्हणाला शुक्रवारपर्यंत थांबणार नाही, बुधवारी छापून घेऊन गेला. हे कळल्यावर बापू मागे राहतोय होय? तो शनिवारी आला आणि समोर उभं राहून छापून घेऊन गेला.

रविवारी सकाळी काकू दोन्ही फोटो पदराखाली घेऊन हजर. शेजारी शेजारी ठेवले. अण्णाचे मास्तर गुलाबी, लाजल्यासारखे. बापूचे मास्तर हिरवे.

“बापू काय म्हणतो ठाऊक आहे?” काकू म्हणाल्या. “म्हणतो, अण्णाला तरतरीत बाप दिला आणि मला कावीळ झालेला.”

“काकू, कावीळ पिवळी असते.”

“ते त्याला सांग! आणि अण्णा म्हणतो, आमचे वडील कधी विडासुद्धा खायचे नाहीत, त्यांच्या ओठांना लाली कुठली?”

मी मान खाली घातली. काकूंनी दोन्ही फोटो पालथे घातले. मग म्हणाल्या, “हे बघ. पितृपक्षात यांची तिथी येत्या नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी आहे. या खेपेला मी हट्ट धरलाय, मधल्या चौकात एकच श्राद्ध. दोघं कसेबसे हो म्हणालेत. पण पाटावर फोटो कुणाचा मांडायचा? अण्णाचा मांडला तर बापू उठून जाणार, बापूचा मांडला तर अण्णा. तू मला असे दोन करून दे की कुठला कुणाचा हे मलाही कळता कामा नये. मी डोळे मिटून एक उचलीन.” उठता उठता म्हणाल्या, “मी सत्तर पार केलीत. पुढच्या वर्षी हट्ट धरायला असेन नसेन.”

मी म्हटलं, शुक्रवारी दोन्ही एकदम छापते, निर्धास्त राहा.

शुक्रवार उजाडला, नैवेद्य दाखवला, आणि लाइट गेली. सकाळी सातला गेली ती गल्लीतल्या सगळ्यांनी बिजलीवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या तरी आली नाही. ट्रान्सफॉर्मर जळालेला. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी सकाळी आठला पंखा फिरला. तिथी दुसऱ्या दिवशी.

सोमवार तर सोमवार. देवीची माफी मागितली आणि एकवीस चौकोन छापले. ट्यूब बंद, उंबऱ्यात बसले. सगळे लालसर वाटत होते. लाल कमी केला, पुन्हा छापले, पुन्हा कमी केला. शेवटी एक चौकोन सापडला, अगदी निव्वळ राखाडी, कुणाचंच नाव न घेणारा. त्या आकड्यांवर मास्तरांचे दोन फोटो काढले. सुरेख! माझ्या आयुष्यात इतका सुरेख राखाडी आला नव्हता. काकू त्या वेळी घाटावर स्नानाला असायच्या. म्हटलं, तिथेच जाऊन दाखवते.

गल्ली संपली, घाटाची पहिली पायरी लागली, ऊन आलं. हातात पाहते तर मास्तर हिरवे. दोघंही.

मी तिथेच थबकले. मागे वळले, दुकानापाशी आले. मास्तर राखाडी. पुन्हा घाटाकडे दहा पावलं, हिरवे. परत, राखाडी. तिसऱ्या फेरीला पानवाला दुकानातून डोकं काढून म्हणाला, “बहनजी, परिक्रमा कर रही हैं का?”

तेव्हा मी वर पाहिलं.

तू म्हणशील, इतके दिवस वर पाहिलं नव्हतंस का? अगं, बनारसच्या गल्लीत वर कोण पाहतं? पाहायचं ते खाली, शेण कुठं आहे, पायरी कुठं तुटलीय, सांड कुठं बसलाय. वर पाहणारा पडतो. मी वर पाहिलं, तर या गच्चीपासून त्या गच्चीपर्यंत, दुकानाच्या बरोब्बर डोक्यावर, बांबूंवर लाल साड्या. वीसेक तरी असतील, ओल्या, गर्द लाल. त्यांच्यातून गाळून ऊन खाली येत होतं आणि माझा उंबरा, माझा पदर, माझे हात सगळं लालसर झालेलं. लाल साड्या असतील त्या दिवशी मी त्या लाल उजेडात बसून फोटोतला लाल कमी करत होते! म्हणून बाहेर नेला की हिरवा. आणि हिरव्या साड्या वाळत असतील त्या दिवशी हिरवा कमी करायचे, की पैलवानाच्या उस्तादांना जांभूळ.

समोरच्या गच्चीवर मकबूलचाचांचा रंगाचा कारखाना. तीन पिढ्यांचे रंगरेज. मी खालून हाक मारून शुक्रवारचंच विचारलं, “चाचा! जुम्मे को साड़ी नहीं सुखाते?”

चाचा कठड्यावरून वाकले. “जुम्मे को तो छुट्टी रहती है, बहनजी। सब बाँस खाली। क्यों, क्या हुआ?”

मी सगळं सांगितलं. देवी, फुटाणे, पाटी, सगळं. चाचा कठडा धरून इतके हसले की त्यांची टोपी खाली माझ्यापुढे पडली. “यानी सात महीने से आप हमारी छुट्टी की पूजा कर रही थीं?”

“हसायचं नंतर,” मी म्हटलं, मराठीतच. घाईत मला हिंदी सुचत नाही. मग म्हटलं, “चाचा, एक घंटा साड़ी हटा दीजिए। बेवा का काम है।” आणि ती विधवा म्हणजे गोदूकाकू, त्यांचं सगळं सांगितलं, दोन पानं आणि निवणारा भातसुद्धा.

चाचांचं हसू थांबलं. त्या लग्नाच्या साड्या, ओलं रेशीम. अर्ध्यावर हलवलं तर डाग पडतात, हे मला माहीत होतं. त्यांनी क्षणभर वर सूर्याकडे पाहिलं, साड्यांकडे पाहिलं, आणि कारागिरांना ओरडून सांगितलं, “बाँस समेत घुमाओ! उधर, पीछे की छत पर!” सहा माणसांनी बांबू खांद्यावर घेतले आणि ती लाल पालखी गच्च्यांवरून पलीकडे गेली. गल्लीत पांढरं ऊन पडलं. उगाच नाही सांगत, मला माझं दुकान ओळखू येईना. शुक्रवारी माझे डोळे कागदावरून हलायचेच नाहीत, त्यामुळे भिंत मी पांढरी समजत होते, ती पिस्ता रंगाची निघाली.

पुन्हा एकवीस चौकोन. या वेळी चाचा खाली येऊन शेजारी बसले. मी एक दाखवला. त्यांनी मान हलवली, “इसमें नील बोल रहा है।” दुसरा. “इसमें गुलाबी की बू है।” रंगरेजाचा डोळा तो! सोळावा चौकोन पाहून म्हणाले, “हाँ, यह चुप है।” त्यावर आम्ही छापले. घाटावर नेले, सावलीत नेले, पानवाल्याच्या बल्बखाली नेले. बल्बखाली जरा पिवळे झाले, पण तिथे जगच पिवळं होतं. मास्तर गप्प राहिले.

मंगळवारी काकूंच्या चौकात गेले. अण्णा एका खांबाला टेकलेला, बापू दुसऱ्या. काकूंनी दोन्ही फोटो पदराखाली घेतले, उलटसुलट केले, एक काढून पाटावर ठेवला, दुसरा भिंतीला पाठ करून ठेवला.

“हा कुणाचा?” अण्णानं विचारलं.

“मला काय ठाऊक? तूच ओळख,” काकू म्हणाल्या.

अण्णा वाकला. बापूही वाकला. दुसरा फोटो उचलून शेजारी धरला. कान पाहिले, मिशी पाहिली, उजेडात नेला, परत आणला. चार वर्षांत पहिल्यांदा त्या दोघांची डोकी एकमेकांना लागली असतील.

“कानाजवळ हा गडद आहे,” अण्णा म्हणाला.

“कुठं? चष्मा पूस आधी,” बापू म्हणाला. चार वर्षांनंतरचं पहिलं वाक्य! अण्णानं चष्मा काढला आणि खरंच पुसला.

ओळखता आला नाही. आणि ओळखता येईना, म्हणून उठूनही जाता येईना. गुरुजी खोळंबले होते. दोघं शेजारी शेजारी बसले. पान एकच मांडलं. काकूंनी भात स्वतः वाढला, वाफाळता.

जेवणं झाल्यावर मी जरा मिरवावं म्हणून म्हटलं, “काकू, कोटाचा रंग बघा, कसा निव्वळ राखाडी आलाय.”

काकू विड्याला चुना लावत म्हणाल्या, “फोटो झकास आहे गं. पण त्यांचा कोट हिरवा होता. बाटलीसारखा हिरवा.”

बापू ताडकन उठला. “म्हणजे माझा पहिला फोटोच बरोबर होता!”

“तोंड हिरवं होतं त्यात, गाढवा,” अण्णा म्हणाला, आणि दोघं हसले.

चुली एक झाल्या नाहीत, उगाच गोड खोटं लिहीत नाही. पण श्राद्ध त्यानंतर एकच. काकूंनी आणखी सहा वर्षं भात वाढला.

दुसऱ्या दिवशी मी दुकान आतून राखाडी रंगवलं. रंग चाचांनी मिसळून दिला. ‘फक्त शुक्रवारी’ची पाटी काढली तर लोक नाराज झाले, देवी रुसली का म्हणून विचारायला लागले. चांगला उजेड असलेले दिवस चाचा आदल्या संध्याकाळी कळवायचे, “कल खाली बाँस!” फुटाण्यांचा नैवेद्य मात्र मी बंद केला नाही. फक्त एक वाटी गच्चीवर जायला लागली.

वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. त्या आधीचे जे फोटो परत आले नाहीत, ते सगळे बरोबर होते असं नाही. लोक संकोची असतात. आजही बनारसच्या कितीतरी घरांत कुणाचे आजोबा हिरवट आणि कुणाच्या आत्या जांभळट टांगलेल्या आहेत, माझ्यामुळे. हळदीकुंकवाला गेले की मी भिंतीकडे पाठ करून बसते. आणि त्या जुन्या शाया टिकल्याही नाहीत. मागच्या वर्षी अण्णाकडे गेले तर वरच्या मजल्यावरचे मास्तर उन्हानं शेंदरी झालेत, खाली बापूचे अजून तसेच. मी म्हटलं, “आण, नवा छापून देते.” अण्णा म्हणाला, “राहू दे मावशी. वर ऊन जास्त येतं, बाबांना बापूपेक्षा माझ्याकडे जास्त लागलं. चालायचंच.”

तर सुलू, पुन्हा कधी राखाडीला ‘कटकट नव्हती’ म्हणू नकोस. आणि तुझ्या आईचा तो शाळेतला फोटो ट्रंकेत कुजतोय ना, तो घेऊन ये. टपालानं पाठवू नकोस, तूच ये. चाचांचा नातू आता गच्चीवर असतो, बांबू हलवून देईल. उंबऱ्यात तुला शेजारी बसवीन, एकवीसांतला गप्प चौकोन कुठला ते तू सांग. लवकर ये गं. शुक्रवार असायलाच हवा असं नाही.